जर्मनीच्या सहामाहीची शिदोरी

गेल्या पंधरवड्यांत आमच्या शहरांतील एक भुसार मालाचे व्यापारी, जे आमचे जुने पक्षकारही आहेत, आमच्या कचेरींत आले. त्यांचे चिरंजीव पुण्यास अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकतात. त्या महाविद्यालयाचा जर्मनींतील श्टुटगार्ट येथील एका शिक्षणसंस्थेशीं विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचा करार असून, त्या करारान्वयें या मुलाची एक सहामाही, जीस तिकडे सेमेस्टर म्हणतात, श्टुटगार्टास जावयाची आहे. शेटजी आले होते ते बँकेच्या कागदांकरितां. विद्यार्थी आपला निर्वाह चालवूं शकेल याची खात्री पटावी म्हणून जर्मन सरकार त्याच्या नांवें बंद खात्यांत कांहीं रक्कम ठेवावयास लावतें. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षास ११,९०४ युरो, या हिशेबानें धरण्यांत आली. सहा महिन्यांचा आंकडा रुपयांत मांडून पाहिला असतां सामान्य व्यापाऱ्याच्या कपाळावर घाम यावा अशीच ही रक्कम आहे. शेटजींनीं मात्र ती हूं कीं चूं न करितां भरली होती.

कागद पाहून झाल्यावर त्यांनीं खिशांतून दुसरा एक कागद काढिला. ती मुलाच्या मातोश्रींनीं केलेली यादी होती. मेतकूट दोन किलो, भाजणी तीन किलो, गोडा मसाला, लोणच्याच्या तीन बरण्या, कुकर, पोळपाट-लाटणें, पितळेचा गणपति, आणि दाराला लावावयास स्वस्तिकें काढलेलें तोरण. "वकीलसाहेब, विमानवाले तेवीस किलोच नेऊं देतात. यांतलें काय ठेवावें आणि काय काढावें तेवढें तुम्ही सांगा," असें ते म्हणाले. आम्हीं विचारलें, मुलाला जर्मन भाषा कितपत येते? ते म्हणाले, तिकडे शिकवणार तें इंग्रजींतच, मग जर्मन कशाला? आम्हीं विचारलें, त्यानें त्या देशाविषयीं कांहीं वाचलें आहे काय? ते म्हणाले, मोबाइलवर सर्व समजतें. शेवटीं आम्हीं विचारलें, घरीं त्याचें ताट कोण उचलतें? यावर शेटजी मोठ्यानें हंसले. प्रश्न थट्टेचा आहे असें त्यांस वाटलें असावें.

तो थट्टेचा नव्हता. २०२३-२४ या वर्षीं जर्मनींतील विद्यापीठांत सुमारे ४९ हजार हिंदी विद्यार्थी होते, आणि परदेशांतून तेथें येणाऱ्या विद्यार्थ्यांत आमच्या लोकांची संख्या चिनी विद्यार्थ्यांच्याही पुढें गेली होती. यांत महाराष्ट्रांतील मुलेंमुली थोडीं नाहींत. पुणें तर जर्मन भाषेच्या अध्ययनाविषयीं पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. इतकीं मुलें जातात, बाप कर्ज काढतात, आई भाजणी दळते, आणि मुलगा तेथें उतरल्यावर पहिले तीन महिने गोंधळून जाण्यांत घालवितो. जो चार-पांच वर्षें राहणार त्याचे तीन महिने गेले तर भरून निघतात. जो सहा महिन्यांकरितां गेला त्याचें अर्धें भांडवल त्यांत बुडालें. व्यापाऱ्यास हा हिशेब आम्हीं समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आमच्या समाजानें परदेशगमनाविषयीं पूर्वीं पुष्कळ वाद केला, परंतु तो सर्व जावें कीं न जावें याचा. जाणाऱ्यानें कोणत्या तयारीनें जावें याचा विचार त्या धामधुमींत राहून गेला तो गेलाच. १८८८ सालीं मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्याकरितां विलायतेस निघाले तेव्हां मुंबईंत त्यांच्या जातीची सभा भरली, त्यांस जातिबहिष्कृत करण्यांत आलें, व जो कोणी त्यांस साह्य करील किंवा बंदरावर पोंचवावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरला. जातीच्या पुढाऱ्यांनीं दंड ठरविला. पण विलायतेंत सप्टेंबरच्या अखेरीस पांढरे कपडे कोणी घालीत नाहीं, एवढें त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास सांगणारा कोणी निघाला नाहीं. गांधींनीं मोठ्या हौसेनें जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोषाख चढविला आणि बंदरावर उतरून पाहतात तों तशा वेषांत आपण एकटेच! सामानाच्या किल्ल्या कंपनीच्या माणसाकडे दिलेल्या, दुसरा दिवस रविवार; तेव्हां त्याच पांढऱ्या कपड्यांत शरमत बसण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं.

त्याच दिवशीं डॉ. प्राणजीवन मेहता त्यांस भेटावयास आले. गांधींनीं कुतूहलानें त्यांची उंच टोपी हातीं घेतली व तिच्यावरून उलटा हात फिरविला. डॉक्टरांनीं त्यांस थांबविलें आणि तेथल्या तेथें पहिला धडा दिला. दुसऱ्याच्या वस्तूस हात लावूं नये. पहिल्याच भेटींत आपल्याकडे विचारतात तसले प्रश्न विचारूं नयेत. मोठ्यानें बोलूं नये. जो भेटेल त्यास 'सर' 'सर' म्हणूं नये, तसें तेथें नोकर म्हणतात. हा प्रसंग गांधींनीं स्वतःच आत्मचरित्रांत सांगितला आहे. सभेंत बसलेल्या सर्व जातबांधवांहून या एका गृहस्थाचा त्या मुलास अधिक उपयोग झाला. आतां बहिष्कार गेला, प्रायश्चित्त गेलें, विमान आलें. परंतु प्रत्येक मुलास त्याचा प्राणजीवन मेहता भेटतोच असें नाहीं. तेव्हां आज आम्हीं तें काम आमच्या अल्प माहितीप्रमाणें करावयाचें योजिलें आहे.

भाषेपासून आरंभ करूं. वर्ग इंग्रजींत चालेल हें खरें. पण घरमालक, तिकिट तपासणारा, पावाच्या दुकानांतली बाई आणि शेजारची म्हातारी यांनीं इंग्रजी शिकण्याचा करार केलेला नाहीं. मराठी मुलास येथें एक फायदा आहे, तो त्यास कोणी सांगत नाहीं. जर्मन भाषेंत नामांचीं तीन लिंगें आहेत, आणि हिंदी बोलणारा गोंधळेल न गोंधळेल, पण तो, ती, तें हें आमच्या मुलाच्या तोंडीं जन्मापासून बसलेलें आहे. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे व मुलगी नपुंसकलिंगी, हें ऐकून तो हंसेल. परंतु ज्या भाषेंत 'पोर' हा शब्द नपुंसकलिंगीं चालतो त्या भाषेच्या माणसास फार हंसण्याचें कारण नाहीं. तसेंच 'तूं' आणि 'आपण' यांचा भेद. जर्मनांत 'डू' हें जवळच्यास व 'झी' हें परक्यास आणि वडीलधाऱ्यास. इंग्रजींतून गेलेला विद्यार्थी येथें चुकतो. मराठींतून गेलेला चुकूं नये. विद्यार्थी आपसांत पहिल्या दिवसापासून 'डू' म्हणतात. अध्यापकास व कचेरींतील कारकुनास 'झी'च म्हणावें व आडनांवानें हांक मारावी, जोंपर्यंत तेच दुसरें सुचवीत नाहींत. आमच्याकडे वयानें लहान शिपायास 'अरे' म्हणण्याची जी खोड आहे ती मात्र मुंबईच्या विमानतळावरच सोडून जावी. तेथें झाडूवाल्यासही 'झी' म्हणतात.

आतां विद्येकडे वळूं. हिंवाळी सहामाही कागदोपत्रीं १ ऑक्टोबरास सुरू होऊन ३१ मार्चास संपते. व्याख्यानें बहुधा ऑक्टोबरच्या मध्यास सुरू होतात व फेब्रुवारींत आटोपतात. वेळापत्रकावर दहाची वेळ असून पुढें सी. टी. अशीं अक्षरें असलीं तर व्याख्यान सव्वादहास सुरू होतें. हा पाव तास तेथील विद्यापीठांचा जुना मान आहे. एस. टी. अशीं अक्षरें असलीं तर बरोबर दहास. (ही एस. टी. म्हणजे आपली लाल गाडी नव्हे, ती वेळेवर सुटते.) व्याख्यान संपलें म्हणजे विद्यार्थी टाळ्या न वाजवितां बोटांच्या पेरांनीं बाकावर ठोकतात, तो गोंगाट नसून आभार आहेत. गुणांची पद्धतही उलटी आहे. एक हा सर्वांत उत्तम, चार म्हणजे उत्तीर्णतेची कड, पांच म्हणजे नापास. तेव्हां मुलाचें पत्रक घरीं आलें व त्यांत 'एक' दिसला तर शेटजींनीं फोन करून त्यास रागें भरूं नये.

हे बारकावे आठवड्याभरांत कळतात. जी गोष्ट सहा महिन्यांतही कळत नाहीं ती निराळीच आहे. तेथील अध्यापक हजेरी बहुधा घेत नाहीं, दर महिन्यास चांचणी घेत नाहीं, काय वाचलें तें विचारीत नाहीं. आणि आमचा मुलगा, ज्यास पहिलीपासून कोणीतरी मागें लागून अभ्यास करावयास लावलेलें असतें, तो समजतो कीं येथें मजा आहे. शेवटीं एकच परीक्षा येते आणि तींत तो बसतो तेव्हां त्यास कळतें कीं सवलत वाटत होती ती जबाबदारी होती. शिवाय चर्चावर्गांत अध्यापकाचें म्हणणें चूक असल्यास तसें सभ्यपणें बोलून दाखवावें अशी तेथें अपेक्षा असते. आमच्या मुलांस गुरूपुढें गप्प बसणें म्हणजे विनय असें शिकविलेलें आहे. तेथें गप्प बसणाऱ्याविषयीं समज होतो कीं यानें वाचलेलें नाहीं.

दुसऱ्याचें लिखाण उचलून आपल्या नांवावर घालणें, ज्यास आमच्याकडील कित्येक महाविद्यालयांत 'प्रोजेक्ट करणें' असें सौम्य नांव आहे, त्याचें तेथें काय होतें तें एका कायदेपंडितावरूनच पाहावें. कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग हे जर्मनीचे संरक्षणमंत्री होते, लोकप्रिय होते, पुढें चॅन्सेलर होतील असें बोललें जाई. त्यांच्या कायद्यावरील प्रबंधांत इतरांचे उतारे ऋणनिर्देशावांचून घेतलेले आढळले. २०११ च्या फेब्रुवारींत बायरॉइट विद्यापीठानें त्यांची डॉक्टर ही पदवी काढून घेतली व मार्चच्या पहिल्या तारखेस त्यांनीं मंत्रिपद सोडलें. दोनच वर्षांनीं, २०१३ सालीं, खुद्द शिक्षणमंत्री आनेट शावान यांचीही पदवी याच कारणास्तव गेली व त्याही पायउतार झाल्या. मंत्र्यांची ही गत, तर परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यास कोण विचारतो? आमच्या विद्यापीठांत असा कायदा इतक्या सचोटीनें लागू झाला तर किती खुर्च्या रिकाम्या होतील याचा हिशेब आम्ही करूं इच्छीत नाहीं.

आमच्या बोलण्याची आणखी एक रीत तेथें घात करिते. 'बघूं', 'करूं', 'होऊन जाईल', 'येतों कीं' या शब्दांचा अर्थ आम्ही एकमेकांत नेमका जाणतों. त्यांतील निम्म्यांचा अर्थ 'नाहीं' असा असतो. जर्मन मनुष्य 'होय' याचा अर्थ होय असाच घेतो. रविवारीं चार वाजतां येतों म्हणून सांगितलें तर तो चहा मांडून चार वाजतां दाराकडे पाहत बसतो, आणि तुम्ही साडेचारास गेलांत तर तो कांहीं बोलत नाहीं, पण पुन्हा बोलावीतही नाहीं. तसाच त्याचा 'नाहीं' हाही स्वच्छ असतो. तो अपमान नव्हे. 'तुमचें हें काम चांगलें झालेलें नाहीं' असें अध्यापकानें तोंडावर सांगितलें म्हणजे आमचा मुलगा रात्रभर तळमळतो. अध्यापक मात्र दुसऱ्या दिवशीं तें विसरून गेलेला असतो.

वकील या नात्यानें आतां थोडें कायद्याचें. घरांत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगर कचेरींत जाऊन आपली नोंद करावी लागते, व तीस घरमालकाचा दाखला लागतो. बँक, रहिवासाचा परवाना, सर्व या एका कागदावर अडतें. भाड्याचा करार सहीपूर्वीं शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. 'तोंडीं ठरलें होतें' ही सबब आमच्याही कोर्टांत फारशी चालत नाहीं, तेथें तर तोंडच उघडूं नये. घरांत रेडिओ असो वा नसो, सार्वजनिक नभोवाणीची वर्गणी प्रत्येक घराकडून घेतात (२०२१ सालीं ती दरमहा १८ युरो ३६ सेंट ठरली). घरांत चौघे राहत असल्यास चौघांत मिळून एकच भरावयाची असते. हें ठाऊक नसल्यानें पुष्कळ मुलें तीं पत्रें कचऱ्यांत टाकतात व पुढें दंडासह भरतात. तिकिटावांचून गाडींत सांपडल्यास ६० युरो. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानांत परत मिळते. व्यापाऱ्याच्या मुलास हें एकदां सांगितलें म्हणजे पुरे.

रविवारीं दुकानें बंद असतात. हा निव्वळ रिवाज नाहीं. रविवारच्या विश्रांतीचें कलम १९१९ च्या वायमार घटनेंत होतें आणि १९४९ च्या घटनेनें तें जसेंच्या तसें उचलून कायम ठेविलें. त्या दिवशीं व रात्रीं दहानंतर घरांत आवाज करावयाचा नाहीं. आम्ही स्वतः एकदां तिकडे नातलगाच्या घरीं उतरलों असतां रविवारीं दुपारीं, यजमानास मदत म्हणून, भिंतींत खिळा ठोकावयास घेतला. तिसऱ्या घावास दारावर टक्टक् झाली. शेजारचे वृद्ध गृहस्थ अत्यंत सभ्यपणें विचारीत होते कीं आज रविवार आहे हें आपणांस माहीत आहे ना? आमच्या गल्लींत पहांटेपर्यंत ध्वनिक्षेपक वाजत असतो व पोलिसांत अर्ज देणारे आम्हीच. तरी त्या क्षणीं गुन्हेगार आम्ही होतों.

यादींतील तोरणाविषयीं मात्र सविस्तर लिहिणें भाग आहे, कारण यांत मुलाची चूक नसतांही तो मोठ्या संकटांत सांपडूं शकतो. आमच्या घरीं वहीपूजनाच्या दिवशीं पहिल्या पानावर कुंकवाचें स्वस्तिक काढतात, उंबऱ्यावर काढतात, तिजोरीवर काढतात. जर्मनींत नाझी पक्षाचें चिन्ह सार्वजनिक ठिकाणीं वापरणें हा दंडसंहितेच्या कलम ८६ अ प्रमाणें अपराध आहे व त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड सांगितला आहे. आमचें चिन्ह प्राचीन, मंगल आणि त्या पक्षाच्या जन्मापूर्वीं हजारों वर्षांचें आहे हें आम्ही जाणतों. २००७ सालीं जर्मनीनें हा निर्बंध सर्व युरोपास लागू करण्याची कल्पना काढिली तेव्हां हिंदूंनीं हरकत घेतली व स्वस्तिकाची बंदी त्या योजनेंतून वगळण्यांत आली, हेंही खरें. आमचें चिन्ह निराळें आहे असा युक्तिवाद करितां येईल. पण तो करावयास मुलास फौजदाराच्या कचेरींत बसावें लागावें, असें कोणत्या बापास वाटेल? देव्हाऱ्यांत, आपल्या खोलींत, पूजेपुरतें जें करावयाचें तें करावें. दारावर, कपड्यावर, सामानाच्या पेटीवर तें नसावें.

परंतु कायद्याच्या भीतीनें तोरण काढून ठेवणें ही तयारी अर्धीच झाली. मुलानें जाण्यापूर्वीं १९३३ पासून १९४५ पर्यंत त्या देशांत काय घडलें तें वाचलें पाहिजे. साठ लाख यहुदी स्त्रीपुरुष व मुलें ठार करण्यांत आलीं. त्या चिन्हाखालीं ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं त्यांचीं नातवंडें त्याच्या वर्गांत शेजारीं बसतील, आणि ज्यांच्या आजोबांनीं तें कृत्य केलें त्यांचींही. तीं या विषयावर हंसत नाहींत. आमच्याकडे शिस्तीचें गुणगान करितांना हिटलरचें नांव घेणारे शहाणे आहेत, त्याचें आत्मचरित्र आमच्या शहरांच्या पदपथांवर सर्रास विकलें जातें, व कित्येकांस तें देशभक्तीचें पुस्तक वाटतें. आम्ही स्वतः राष्ट्राभिमानी म्हणवितों, म्हणूनच स्पष्ट लिहितों: ही देशभक्ति नसून अज्ञान आहे, आणि त्या मुलानें श्टुटगार्टच्या भोजनगृहांत असला एक उद्गार काढिला तर त्या टेबलावर त्यास पुन्हा कोणी बसवून घेणार नाहीं. तें योग्यच होईल.

याच संबंधांत आमच्या एका विदुषीचें स्मरण होतें. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनास शिकावयास गेल्या. स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यु असे त्यांचे श्वशुर महर्षि कर्वे यांसही हें जाणें पसंत नव्हतें. कायसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेंत ऑयगेन फिशर यांच्या हाताखालीं त्यांस माणसांच्या कवट्या मोजण्याचें काम मिळालें. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशीं आहे व युरोपीय वंशाचें श्रेष्ठत्व त्यांतून दिसतें, असें गुरूंचें मत होतें. इरावतीबाईंनीं मोजमाप केलें. तसा कांहीं संबंध दिसेना. आणि दिसला नाहीं असें त्यांनीं प्रबंधांत लिहिलें. पुढें नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणास याच संस्थेनें शास्त्राचा टेकू दिला. परक्या देशांत, परक्या भाषेंत, पदवी ज्याच्या हातीं त्याच गुरूच्या मताविरुद्ध एका तरुण हिंदी स्त्रीनें आंकडे मांडले.

परदेशीं आमच्या मुलांस जातीविषयीं प्रश्न येतो, आणि बहुतेकांची तारांबळ उडते. कोणी म्हणतो, जाति आतां राहिली नाहीं. कोणी म्हणतो, ती इंग्रजांनीं निर्माण केली. कोणी विषयच बदलतो. १९१६ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत एका चर्चावर्गांत भीमराव आंबेडकरांनीं हिंदुस्थानांतील जातींविषयीं निबंध वाचला. परक्यांपुढें घरचें उणें कशास, असा विचार त्यांनीं केला नाहीं. आणि त्यामुळें देशाची अप्रतिष्ठा झाली असें आज कोणी म्हणणार नाहीं. मुलानें जाण्यापूर्वीं फुले, रानडे, आगरकर व आंबेडकर यांचें थोडें तरी मुळांतून वाचावें, म्हणजे प्रश्न आला असतां खरें बोलण्याइतकें साहित्य त्याच्यापाशीं असेल. आणि एक ताकीद: तिकडे भेटणाऱ्या दुसऱ्या मराठी मुलास आडनांव विचारून मग तोंडाकडे पाहण्याची जी आमची पद्धत आहे, ती वर सांगितलेल्या प्राणजीवन मेहतांच्या यादींत आम्ही आमच्यातर्फे जोडतों.

अन्नाविषयीं थोडेंच. शाकाहारी मुलाची आतां उपासमार होत नाहीं. विद्यापीठांच्या भोजनगृहांत शाकाहारी पदार्थ बहुधा असतो. मात्र गोळ्या व जेलीसारख्या मिठाईंत प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेलें जिलेटिन असतें, तेव्हां वेष्टण वाचावयास शिकावें. फोडणी देतांना खिडकी उघडावी, नाहींतर धुराची घंटा वाजून सबंध वसतिगृह थंडींत रस्त्यावर उभें राहतें. थंडीविषयीं मात्र हयगय करूं नये. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या त्या हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें श्रीरामपुरास जाहीर सभेंत सांगून. शाकाहार त्यांनीं जपला. फिलाडेल्फियाची थंड हवा व आहाराची आबाळ यांत प्रकृति ढासळत गेली. १८८६ च्या मार्चांत त्या डॉक्टर झाल्या व पुढच्याच फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें वारल्या, तेव्हां त्यांस बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या निष्ठेपुढें आम्ही मस्तक नमवितों. पण ज्या समाजानें त्यांस निघतांना दगड मारले व परत आल्यावर सत्कार केला, त्यानें मधल्या तीन वर्षांत त्या काय खातात, काय पांघरतात, याची चौकशी केली नाहीं. डिसेंबरांत बर्लिनास दुपारीं चारच्या आंतच सूर्य मावळतो. श्टुटगार्टास थोडा उशिरा इतकेंच. अंधारानें मन खचतें, विशेषतः एकट्या मुलाचें. अशा वेळीं आईबापांनीं परीक्षेची चौकशी न करितां जेवणाची करावी, आणि उदास वाटतें असें मुलानें सांगितल्यास त्यास विद्यापीठाच्या डॉक्टरकडे जावयास सांगावें. हें लाजेचें नाहीं. महाराष्ट्र मंडळें तिकडे आहेत, सणावारीं तेथें अवश्य जावें. पण रोजची संध्याकाळ चार मराठी मुलांनीं एका खोलींत पोहे खाण्यांत घालविली तर ती सहामाही पुण्यास सदाशिव पेठेंत स्वस्तांत झाली असती.

आतां ताट उचलण्याचा प्रश्न. श्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रांतांत आहे तेथें 'केअरवोखे' म्हणून एक रिवाज आहे. इमारतींतील प्रत्येक बिऱ्हाडावर आळीपाळीनें एक आठवडा येतो. त्या आठवड्यांत जिना, ओसरी व पुढचा पदपथ झाडून पुसून ठेवावयाचा. दारावर पाटी अडकविलेली असते, कीं पाळी कोणाची. प्राध्यापक असो कीं बसचालक, पाटी दोघांच्याही दारावर येते. वसतिगृहांत स्वयंपाकघर आणि संडास यांची पाळी असते व ती चुकविणाऱ्यास सर्वजण ओळखतात. आमचा मुलगा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत जेवून उठला आणि हात धुतला, एवढेंच जाणतो. ताट आई नाहींतर बहीण उचलते, आणि संडास झाडणें तर आम्हीं ज्यांच्या माथीं पिढ्यान्‌पिढ्या मारलें त्यांस शिवण्याचीही आम्हांस लाज वाटे. असा मुलगा तेथें जाऊन आळशी ठरतो आणि देशाचें नांव घालवितो. त्याच्या सहामाहीची खरी पूर्वतयारी घरच्या मोरीपासून सुरू व्हावयास पाहिजे, आणि ती बहिणीच्याही हिताची आहे.

हें सर्व आम्हीं शेटजींस सांगितलें. त्यांस तें सर्वच रुचलें असें नाहीं. मोरीच्या गोष्टीवर ते म्हणाले, "आमच्या घरांत हें चालावयाचें नाहीं, वकीलसाहेब; त्याच्या आईलाच खपणार नाहीं." जर्मनच्या शिकवणीचे पैसे मात्र त्यांनीं दुसऱ्याच दिवशीं भरले.

परवां रविवारीं सकाळीं आम्ही त्यांच्या वाड्यावरून जात होतों. मुलगा अर्धी विजार घालून जिना झाडीत होता व कचरा खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर लोटीत होता. शेजारच्या दोन बायका गच्चींतून पाहत होत्या. घरचा गडी काम सोडून गेला काय, असें एकीनें विचारलेंही. आईनें दारांत उभ्या राहून केरसुणी कशी धरावी तें सांगितलें, आणि मग न राहवून ती त्याच्या हातांतून घेतली. मुलानें ती परत घेतली. यादी आम्हीं पुन्हा पाहिली: तोरण व कुकर निघाले, लोणच्याच्या बरण्या तीनांच्या दोन झाल्या, मेतकूट दोन किलो कायम आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांतलें विमान आहे आणि गरम कोट हातांतल्या पिशवींत ठेवावा असें ठरलें आहे.